शनिवारचा दिवा

१

विजेच्या कामात सुलो हाउतालाचा हात धरणारा माणूस कॅल्युमेट गावापासून सरोवराच्या टोकापर्यंत सापडायचा नाही, असं सुलो छातीवर थाप मारून सांगायचा. आणि लगेच स्वतःच पुस्ती जोडायचा, "सापडेल कसा? ज्याने ज्याने धरला त्याला शॉक बसला!"

ते अगदीच खोटं नव्हतं. चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या मोठ्या किटलीची वायर त्याने एकदा बदलून दिली, तर ऐन प्रवचनात पाद्रीबुवांचा माइक गेला, ऑर्गन गेला, आणि किटली मात्र खदाखदा उकळत राहिली. लोक म्हणाले, सुलोने मुद्दाम केलं. सुलो नुसता हसला. चुकलो म्हणण्यापेक्षा खोडी केली म्हणवून घेणं त्याला जन्मभर स्वस्त पडत आलं होतं. आठवीत शाळा सुटली आणि पुढे त्याच शाळेत घंटा-बल्ब दुरुस्त करायच्या नोकरीला लागला. म्हणायचा, "मास्तरांनी हाकललं, पण मी काही गेलो नाही."

या बाबाची बायको लेम्पी वसंतात गेली, बर्फ वितळत असताना. तेव्हापासून त्याच्या खोड्या कमी झाल्या होत्या. खोडी काढायची तर कुणीतरी 'शी बाई, काय हे!' म्हणणारं लागतं ना.

परसात, अंगणाच्या पलीकडे, त्यांची सौना होती, म्हणजे वाफेने अंग शेकून धुवायची जागा. लाकडी खोपटं, आत चढत्या फळ्या आणि दगड भरलेली विजेची शेगडी. दर शनिवारी दुपार कलली की लेम्पी आधी आत जायची. तिचं आवरलं की लाकडी ओगराळ्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. म्हणजे, ये, आता तुझा नंबर. मग सुलो. आणि शेवटी जो बाहेर पडेल त्याने तापल्या दगडांवर एक ओगराळं पाणी टाकून दार ओढून घ्यायचं. शेवटची वाफ आपली नसते. ती कुणाची, हे तिकडे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

लेम्पी गेल्यापासून सुलोने सौनाचं दार उघडलं नव्हतं. तो घरातल्या टबात बसून अंग धुवायचा आणि बदकासारखा वाटतो म्हणायचा.

पण पानगळीच्या दिवसांत मुलगी मार्ला दूरच्या ग्रीन बे शहरातून आली, परसात गेली, आणि पांढरीफटक होऊन परतली. सौनाची शेगडी चालू होती. किती वेळ, देव जाणे. लाकडी बादली वाळून तिच्या फळ्या सुट्या झाल्या होत्या, खालच्या बाकाची कड काळी पडली होती.

"बाबा, आणखी थोडा वेळ गेला असता तर खोपटं पेटलं असतं. आणि मग घर!"

"मी लावलीच नाही शेगडी," सुलो म्हणाला.

"मग कोणी लावली? आईने?"

 मार्लाने ठरवून टाकलं. घर विकायचं, बाबाने ग्रीन बेला यायचं. तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर खोली होती, गालिचा घातलेली. सुलोने ती खोली पाहिली होती. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची गाडी दिसायची, बस्स. लेम्पीबरोबर उभ्या आयुष्यात बांधलेलं घर सोडून त्या गाडीकडे बघत मरायचं, ही कल्पना त्याला काही सोसवेना.

बरीच रडारड झाल्यावर तह झाला. मार्ला एक यंत्र मागवील. शेगडी चालू झाली की ते यंत्र घरातला दिवा लावील, म्हणजे बाबाला विसर पडला तरी दिवा विसरणार नाही. नाताळाआधी ती येऊन बघेल. चाललं तर घर राहील. नाही चाललं तर घराला गिऱ्हाईक बघायचं.

२

यंत्र म्हणजे दोन डब्या. एका डबीला उघडमिटीचं कडं. ते वायरीभोवती बसवायचं. वायरीतून वीज वाहू लागली की कड्याला ते कळतं, आणि डबी बिनतारी निरोप धाडते. दुसरी डबी घरातल्या प्लगात. तिला निरोप मिळाला की तिच्यात खोचलेला दिवा लागतो. इतकं सोपं, की सुलोने सोबतचा कागद उलगडलासुद्धा नाही.

वायर शेगडीच्या खालच्या पेटीतून येत होती. पेटी उघडायला चार गंजके स्क्रू होते. आता गंजका स्क्रू शिवी घातल्याशिवाय निघत नाही, हे कुठलाही कारागीर सांगेल. आणि सौनात शिवी घालायची नाही. तिथे देवळासारखं वागायचं, हे सुलोच्या आईने सांगितलेलं, लेम्पीने पाळायला लावलेलं. तेव्हा सुलोने पेटी तशीच राहू दिली आणि बाहेरच्या जाड केबलीवरच कडं बसवलं. खटकन मिटलं. कसा हात आहे, बघा!

शेगडीचा खटका टाकला, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात आला. खिडकीत लेम्पीचा शिवणाचा दिवा दुसऱ्या डबीत खोचून ठेवला होता, पिवळ्या टोपीचा. दिवा लागलेला.

"हात धरणारा नाही कोणी," सुलो रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाला.

मग परत जाऊन त्याने शेगडी बंद केली. येऊन बघतो तर दिवा अजून चालूच. त्याने टिचकी मारली, डबी हलवून पाहिली. थोड्या वेळाने दिवा विझला, आपल्या सवडीने, एखादं माणूस काम आटोपून उठावं तसा. वार शनिवार होता, दुपार कललेली. त्या दिवशी सुलोला वाराचं काही वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी सायमा आली होती. सायमा म्हणजे लेम्पीची मोठी बहीण, रस्त्याच्या पलीकडे राहणारी, आणि शाळेत सुलोच्याच बाकावर बसलेली. तिची जीभ इतकी तिखट की सुलोसुद्धा तिच्यासमोर जरा जपून असायचा. दोघं साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होती, मध्ये वेलदोड्याचा पाव. बाहेर बर्फ भुरभुरत होता. दुपार कलली.

खिडकीतला दिवा लागला.

सायमाने कप खाली ठेवला. "झालं! लावलीस शेगडी आणि विसरलास. मार्ला बोलते ते खोटं नाही."

"अगं, मी सकाळपासून तिकडे फिरकलो नाही."

"मग दिवा काय मला बघून लाजला?"

सुलो कोट चढवून गेला. अंगणातल्या बर्फावर पाऊल नव्हतं. खटका बंद. त्याने दगडांवर हात ठेवला. विहिरीच्या तळासारखे गार. परत आला तर पिवळ्या टोपीखाली उजेड तसाच, आणि सायमा त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"बंद आहे," तो म्हणाला.

"सुलो, ही खोडी असली तर फार वाईट आहे हं. माझी बहीण होती ती."

"खोडी नाही गं."

"चर्चमध्ये किटलीच्या वेळी काय म्हणाला होतास?"

 तेव्हा तो नुसता हसला होता, तीच तर अडचण होती. दिवा विझला. मग सायमा उठली आणि नेहमीचं 'येते रे' न म्हणता गेली.

३

आठवडाभर सुलोने डोकं चालवलं. अर्धवट शिकलेल्या माणसाचं डोकं जास्त चालतं, कारण त्याला कुठे थांबायचं ते ठाऊक नसतं.

पहिला संशय रूडीवर. रूडी पलीकडच्या गल्लीत गॅरेजमध्ये सुतारकाम करी. करवत सुरू झाली की भुसा ओढणारा पंखा आपोआप सुरू व्हावा, म्हणून त्याच्याकडेही असंच कडं होतं. त्याच्या डबीचा निरोप माझ्या डबीला मिळत असेल, दुसरं काय! सुलो स्वतःवरच खूश झाला. डबीच्या आत बारीक खुंट्या असतात, त्या हलवून निरोपाची खूण बदलता येते. त्याने दोन्ही डब्यांच्या खुंट्या बदलल्या, आणि खात्रीसाठी रूडीकडे जाऊन त्याच्याकडून करवत चालवून घेतली. सायमाला खिडकीपाशी बसवलं होतं. दिवा ढिम्म.

"म्हणजे सुटलं," तो येऊन म्हणाला.

"शनिवार येऊ दे," सायमा म्हणाली.

शनिवार आला. सुलो या वेळी स्वयंपाकघरात थांबला नाही. सौनाला बाहेरची एक छोटी खोली होती, कपडे काढायची. तिथल्या बाकावर कोट गुंडाळून जाऊन बसला. लेम्पीचा जुना झगा अजून खुंटीवर होता. आपण चोर पकडायला बसलोय असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि चोर सापडला तर त्याच्या मानेत बर्फ कोंबायचा, असंही ठरवलं.

थंडीने फळ्या कुरकुरत होत्या. समोरच्या काचेतून अंगण आणि पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. तो बघत असतानाच तिथे पिवळा ठिपका उमटला.

सुलोने कान आतल्या दाराला लावला. आधी काही नाही. मग, फार खोलातून आल्यासारखा, एक आवाज. तापल्या दगडांवर पाणी पडलं की येतो तो. स्स्स... आणि मागून मोठा उसासा, अंगाला ऊब लागल्यावर बाईमाणूस टाकतं तसा.

छतावरचा बर्फ सरकला असेल, त्याने मनाशी म्हटलं. मग दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दगड गार होते. श्वास तोंडापुढे पांढरा दिसत होता. मार्लाने आणलेली नवी बादली कोपऱ्यात पालथी ठेवली होती, ती आता उताणी होती. सुलोने तिच्या बुडाला हात लावला. ओल होती.

बाहेर पन्हळीला हातभर बर्फाचे सुळे लोंबत होते, आणि ही ओल गोठली नव्हती. कोमट होती.

त्याने बोटं कोटाला पुसली नाहीत. तशीच मुठीत धरून अंगण ओलांडलं.

४

मधल्या वारी, भर सकाळी, त्याने धीर करून शेगडी खरोखरच लावली. दगड तापू लागले, जुन्या लाकडाचा वास सुटला. अगदी शनिवारचा वास. मग तो घरात आला.

दिवा लागला नव्हता.

शेगडी लाल झाली, तरी दिवा नाही. सुलो डबीकडे बघत राहिला आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. त्याने कपाळावर हात मारला. इतक्या जोरात, की पुढचे दोन दिवस तिथे टेंगूळ होतं.

सायमा आली तेव्हा त्याने कॉफीसुद्धा विचारली नाही. "सायमा, मी गाढव आहे."

"हे सांगायला बोलावलंस? मला पहिलीपासून ठाऊक आहे."

"ऐक तर. केबलीत दोन तारा असतात. एकीतून वीज शेगडीकडे जाते, दुसरीतून परत येते. कडं एकाच तारेवर बसवायचं असतं. मी आख्ख्या केबलीवर बसवलं. जाणारी आणि येणारी, दोन्ही त्याच्या पोटात. जितकी गेली तितकीच परत आली, तर कड्याच्या हिशेबी काहीच झालं नाही. त्याला शेगडी दिसतच नाही. कधी दिसलीच नव्हती."

"पहिल्या दिवशी दिवा लागला होता, म्हणालास."

"शनिवार होता."

सायमा हळूच खुर्चीवर टेकली. "मग या कड्याला दिसतं तरी काय?"

सुलोने ओठ चाटले. शाळेतल्या मोठ्या इलेक्ट्रिशियनने त्याला हे कधीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हा तो जांभया देत होता. "जे जातं आणि परत येत नाही, तेवढंच."

सायमाने मान वळवून खिडकीतल्या दिव्याकडे बघितलं.

"म्हणजे गळती," सुलो घाईने म्हणाला. "कुठेतरी वायर उघडी असेल, ओल लागून वीज जमिनीत जात असेल. तसंच असणार. मी तळघरातल्या बोर्डावर सौनाचा खटकाच पाडतो. वीजच नाही तर गळणार काय?"

शनिवारी त्याने खटका पाडला. सायमाने स्वतः खाली येऊन बघितला, बोट लावून बघितला. सौनाकडे जाणाऱ्या वायरीत आता मुंगीला झिणझिण्या येतील इतकीही वीज नव्हती. दोघं वर आली. सायमाने कॉफी ओतली. ती ओतत असतानाच दिवा लागला. कॉफी बशीत सांडली, तिकडे तिने बघितलंही नाही.

सुलो कोट न घालताच बाहेर पडला.

या वेळी तो दारापर्यंत गेला नाही. सौनाला बाजूने एक लहान खिडकी होती, सुलोच्या खांद्याइतकी उंच. काचेवर आतून जाड हिमफुलं धरली होती. फक्त खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा पुसलेली होती. लेम्पीची ती सवय. वाफ पुसून बघायची, हा बाबा येतोय की अजून कॉफीच ढोसतोय.

पुसलेल्या जागेच्या कडेने पाणी ओघळत होतं. आतून.

सुलो वाकला. त्या गोलात आधी नुसता अंधार, मग वरच्या फळीची कड, आणि कडेवर काहीतरी ओलं, फिकट, टेकलेलं. पाऊल असावं, किंवा पावलासारखं काही. त्याने डोळा आणखी जवळ नेला. तशी आतल्या बाजूला, काचेला अगदी लागून, कुणीतरी श्वास सोडला. पुसलेली जागा पांढरी होत होत मिटून गेली.

घरात आल्यावर सायमाने विचारलं, "काय दिसलं?"

"खिडकी धुवायला झालीय," सुलो म्हणाला, आणि ओट्याला धरून रडला.

५

आता खरी पंचाईत होती. नाताळ तोंडावर आला. मार्ला येणार, शेगडी लावून बघणार, आणि दिवा लागणार नाही. किंवा शनिवारी, शेगडी बंद असताना, लागणार. दोन्हींत घर गेलंच. आणि कडं दुरुस्त केलं, एका तारेवर घेतलं, की दिवा शहाण्यासारखा चालणार, घर राहणार. फक्त त्या शहाण्या दिव्याला पुन्हा शनिवारचं काही दिसणार नाही.

"मार्लाला खरं सांग," सायमा म्हणाली.

"सांगतो. म्हणतो, बाळ, तुझी आई येते. सायमा, तू मार्लाच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? ग्रीन बेला न्यायला माझी पेटी भरली असतीस."

"तुझ्या तोंडचं खरंसुद्धा खोट्यासारखं दिसतं."

"जन्मभराची मेहनत आहे," सुलो म्हणाला. हसला नाही.

मार्ला यायच्या आदल्या दिवशी तो पाना-पेचकस घेऊन सौनात गेला. चारही गंजके स्क्रू काढले. दुसऱ्यावर पेचकस घसरून अंगठ्याची साल निघाली, तिसरा तर हलेचना. एक शिवी दिली नाही. पेटी उघडली, काळी तार लाल तारेपासून वेगळी केली आणि तिच्या एकटीभोवती कडं मिटलं. मग तळघरातला खटका पुन्हा वर करून शेगडी तापवली. स्वतः फळीवर चढला नाही. दगड पुरेसे तापल्यावर ओगराळंभर पाणी टाकलं आणि वाफ वर जायच्या आत दार ओढून घेतलं.

"तुझ्यासाठीच करतोय गं," तो दाराला म्हणाला. "तिकडे ग्रीन बेला गेलो तर तू ठोकशील कुणासाठी?"

मार्ला आली. शेगडी लावली, दिवा लागला. बंद केली, दिवा विझला. चारदा करून बघितलं. मग ती बापाच्या गळ्यात पडून हसली, आणि हसता हसता रडली. "बाबा, मला वाटलं होतं तू गोंधळ घालून ठेवला असशील."

"मी? विजेच्या कामात?"

"राहा बाबा इथेच. मलाही कुठे आवडत होतं घर विकायला." तिने सोबत आणखी एक डबी आणली होती. ती दिव्याशेजारी खोचून फोनवर काहीतरी जुळवलं. "आता दिवा लागला की मला तिकडे ग्रीन बेला कळेल. त्यातलं काही हलवू नकोस हं. कडं, वायर, काही नाही. उगाच भलत्या वेळी लागला तर मी धावत येईन, आणि मग तुला घेऊनच जाईन."

"नाही हलवणार," सुलो म्हणाला.

वादळाचा अंदाज होता म्हणून ती लवकर निघाली. जाताना आईच्या दिव्याची पिवळी टोपी तिने सरळ केली.

शनिवारी सायमा आली. साखरेचा खडा, वेलदोड्याचा पाव, सगळं जागच्या जागी. बाहेर बर्फ थांबला होता आणि अंगण कोऱ्या कापडासारखं पसरलं होतं. दुपार कलली. दोघंही खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होती. दिवा लागला नाही. कप रिकामे झाले, पुन्हा भरले, तरी लागला नाही.

"बघ," सुलो म्हणाला. "संपलं. घर राहिलं, दिवाही शहाणा झाला. हाउतालाचा हात धरणारा..."

परसातून आवाज आला. लाकडावर लाकूड. एकदा, आणि थोडं थांबून, आणखी एकदा.

सुलोने कप बशीत ठेवला.  "बर्फ असेल. छपरावरून घसरला. तू दिवा बघ ना सायमा, कुठे लागलाय?"

सायमाने दातांतला साखरेचा खडा काढून बशीत ठेवला.

"दिव्याला दिसू नये, ही व्यवस्था तू केलीस, सुलो. पण तिला कोणी सांगितलं, येऊ नकोस म्हणून?"